शेजारची विहीर कोणाची?

१२ नोव्हेंबर

आज मालकाचा मुलगा पुन्हा येऊन खानावळीच्या भिंती मोजून गेला. गिऱ्हाईक जेवतंय आणि हा टेप घेऊन त्याच्या डोक्यावरून वाकतोय. शिवाय निघताना मला म्हणतो, "काकी, मार्चपर्यंत हां." मार्चपर्यंत जागा सोडायची हे मला पाठ झालंय. कसालच्या बाजारात इतकी वर्षं लोकांना भात-आमटी वाढली, आता इथे मोबाइलचं दुकान येणार.

जायचं कुठे याचं उत्तर माझ्याकडे आहे, म्हणूनच तडफड जास्त. बाजारापासून थोडं आत आमची स्वतःची जागा आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, ती एका बाहेरच्या शेठला काजूच्या कारखान्यासाठी भाड्याने दिली होती. शेठ काजू फोडायचा आणि टरफलांचं तेल काढायचा. एक दिवस कुलूप ठोकून पळाला. मागे काय ठेवलं? काळी माती, पाठीमागच्या जांभ्या दगडाच्या जुन्या चिरेखाणीत डांबरासारखा थर आणि आमच्या विहिरीच्या पाण्यावर तेलाचा तवंग. ते तेल हाताला लागलं तर कातडी सोलून निघते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्या पाण्यावर खानावळीचा परवाना मला कोण देणार?

माझं म्हणणं सरळ आहे. शेठने घाण केली, शेठने निस्तरावी, आणि मला तिथे माझी खानावळ उभी करू द्यावी. त्यासाठी वकील हवा. ह्यांना गोव्याला फोन केला तर म्हणाले, "तूच बघ गो. माका शनिवारशिवाय सुट्टी खंय आसा?"

बघतेच आहे. लग्न झाल्यापासून मीच बघते आहे.

१५ नोव्हेंबर

विश्वेश भावोजी येऊन गेले. ह्यांचे चुलत भाऊ, सावंतवाडीला वकिली करतात. वकिली म्हणजे काय, तर आंब्याच्या कलमांच्या वाटण्या आणि भाऊबंदकी. दोन वाट्या सोलकढी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, फी-बी काही नको, पण प्रदूषणाचं काम मी कधी केलेलं नाही. शिकून घ्यावं लागेल."

मी शिकायला देणारे का माझी जागा? शिवाय भावोजींना वकील म्हणून उभं करायचं म्हणजे नको रे बाबा. खोटं बोलायची वेळ आली की या माणसाला खोकला येतो. माझ्या लग्नात ह्यांचं वय चार वर्षांनी कमी करून सांगायचं काम घरच्यांनी त्यांच्यावर सोपवलं होतं. भरमांडवात असा ठसका लागला की माझ्या बाबांनीच पाणी आणून दिलं आणि विचारलं, आता खरं वय सांगा. अजून त्यावरून सगळे हसतात.

वकील आणि खोटं बोलता येत नाही! मासेवाल्याला माशाचा वास न सोसण्यातलीच गत.

अप्पांना विचारलं, शेठ तेल नेमकं कधी ओतायचा, रात्री का? ते म्हणाले, "शेठ तसो वायट नाय होतो." आणि कोंबड्यांना दाणे टाकायला उठून गेले. इतकी भोळी माणसं आहेत म्हणूनच अशा शेठांचं फावतं.

२१ नोव्हेंबर

कुडाळ. मितेश वकील. काचेचं केबिन, थंडगार, टेबलावर एकही कागद नाही. माणूस मला एकदम आवडला. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाला, "होऊन जाईल." महिनाभर हे दोन शब्द कोणाच्या तोंडून ऐकायला मी आसुसले होते, हे मला तेव्हाच कळलं.

त्याचा बेत असा. शेठला नोटीस पाठवायची, पण नुसती दबावापुरती. जमीन बिनशेती करून घ्यायची. विहिरीचा विषय कुठेही काढायचा नाही. रस्त्याच्या बाजूला बोअर मारायची, पाण्याचा नमुना तिथला द्यायचा आणि विहीर गुपचूप बुजवायची. खाणीत दोन डंपर माती टाकली की वर फरशी.

"आणि खालचं तेल?" मी विचारलं.

"मॅडम, खाली काय आहे ते कोण खणून बघतंय?"

परतताना बसमध्ये मन हलकं होतं. ओरोसच्या वळणापर्यंत टिकलं. मग 'कोण खणून बघतंय' हेच कानात वाजायला लागलं. बहुतेक बसचाच खडखडाट.

२३ नोव्हेंबर

शेवंतीकाकी सकाळी लाल भाजीच्या जुड्या घेऊन आली. आमच्या कारखान्याच्या खालच्या अंगाला तिचं घर आणि मळा. माझ्या खानावळीची सगळी पालेभाजी तिचीच. मी नवी सून म्हणून आले तेव्हा मला इथलं वाटण शिकवलं तेही तिनेच.

तिचे दोन्ही हात बोटांपासून कोपरापर्यंत लाल, मध्येमध्ये कातडी सुटलेली. मी म्हटलं, काजूचा हंगाम तर अजून लांब आहे, हे काय? ती म्हणाली, "काय कळाक नाय गो. मळ्याक पाणी लायलंय की आग होता." मी तिला भांड्यांचा साबण बदलायला सांगितला आणि खोबरेल तेलाची बाटली दिली.

दुपारी एका गिऱ्हाइकाने भाजी परत पाठवली, उग्र वास येतो म्हणून. काकी ज्या टेम्पोने येते त्यात डिझेलच्या डब्याशेजारी जुड्या ठेवतात, दुसरं काय. उद्या टेम्पोवाल्याला झाडणार आहे.

२८ नोव्हेंबर

ओरोसला कोर्टाच्या कामासाठी जाणाऱ्या एका गिऱ्हाइकाने नाव सुचवलं म्हणून तिथे तन्वी वकिलीणबाईंकडे गेले. वय असेल तिशीचं. खोली लहान, पंखा खडखडतोय, भिंतीला चहाचा डाग. मितेशचं केबिन बघितलेल्या माणसाला इथे बसवत नाही.

मी नाव-गाव सांगायच्या आधी नुसतं म्हटलं, एका काजू कारखान्याच्या जागेवर बांधकाम करायचंय, पण जमिनीत तेल मुरलंय. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा? "शेजारची विहीर कोणाची?"

मी म्हटलं, शेजारच्यांचं राहू दे, माझ्या जागेचं बोला.

"पाणी कुंपण बघून थांबत नाही," म्हणाल्या. "ते पाणी कोण पितं, हे कळल्याशिवाय मी कागदाला हात लावत नाही. आणि तुम्हाला हे नको असेल तर पुढचं काही सांगू नका. आधी ठरवा, मग या."

मी उठलेच. वकील करायला गेले होते, कीर्तनाला नाही. मला गुन्हेगारासारखं विचारते! माझ्या विहिरीची वाट लागली त्याचं काही नाही, हिला शेजाऱ्यांची पडलीय. माझं नावसुद्धा सांगितलं नाही मी.

२९ नोव्हेंबर

राग अजून उतरला नव्हता म्हणून शेवंतीकाकीला सगळी गंमत सांगितली, नक्कल करून. "शेजारची विहीर कोणाची!" डोळ्यांवर चष्मा सरकवून वगैरे. काकी हसली नाही. जुड्या मोजता मोजता थांबली.

"तिचां नाव काय म्हणालंस गो?"

सांगितलं. खोली कुठे, जिना कोणत्या बाजूने, तेही सांगितलं. काकीला असल्या गोष्टींत एवढी गोडी असेल असं वाटलं नव्हतं.

५ डिसेंबर

ठरलं. मितेश. शनिवारी हे आले, त्यांनीही मान डोलावली. ह्यांची मान जेवणानंतर कशालाही डोलते, पण डोलली हे खरं.

अडकलं अप्पांशी. जागा त्यांच्या नावावर, सही त्यांची हवी. तर म्हणाले, "देवाचो कौल घेतल्याशिवाय मी सही करूचंय नाय."

मी म्हटलं, अप्पा, वकील निवडायला कौल? पण इथे बैल घ्यायला कौल, मुलगी द्यायला कौल, घराचं तोंड कुठे करायचं त्याला कौल. मग वकिलानेच काय पाप केलं? शेवटी ठरलं, रविवारी रवळनाथाला दोन नावं घालायची. उजवी कळी मितेशची, डावी विश्वेश भावोजींची; देवाच्या अंगावरून जी आधी पडेल तो वकील. भावोजी घरचे, त्यांना वगळलं तर रुसतील म्हणून. तन्वीबाईंचं नाव घालायचा प्रश्नच नव्हता.

अप्पा हल्ली रात्री झोपत नाहीत. त्यांना एवढं काय टोचतंय कळत नाही. सही करायची तर आहे.

८ डिसेंबर

आज जे झालं ते नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

देवळात रविवारची असते तेवढी माणसं होती. कुणाची गाय हरवलेली, कुणाच्या मुलाचं लग्न अडलेलं. शेवंतीकाकी खांबाला टेकून बसली होती. गंगाराम गुरवाने देवाच्या अंगावर दोन कळ्या ओल्या करून चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा, ह्या तुज्या लेकराचो जागेचो काय तो पेच सोडय!" सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

कळ्या हलल्या नाहीत. आम्ही बघत बसलो. गाईवाल्याने घाईघाईने सरकून आपला कौल विचारून घेतला तरी आमच्या कळ्या जागच्या जागी.

गंगाराम म्हणाला, "देव बोलणा नाय. गाऱ्हाणां अर्धां आसा. पेच कसलो, तो सांगा."

मितेश वकिलाने बजावलं होतं, विहिरीचा शब्द काढायचा नाही. मी अप्पांचा सदरा ओढला. पण हा माणूस आयुष्यात कधी देवासमोर अडखळला नाही. म्हणाले, शेठने तेल सोडलं, विहीर काळी झाली, सुनेला तिथे खानावळ घालायची आहे. "व्हय म्हाराजा!" सगळ्या गावाला कळलं.

तरी कळ्या हलेनात.

"अजून काय तरी रवलां," गंगाराम म्हणाला.

अप्पा हात जोडून उभे होते. ते एकदम पुढे झुकले. मला वाटलं, चक्कर येतेय, मी पुढे झाले. त्यांनी मला बाजूला केलं.

"खाण माजी," अप्पा म्हणाले. "तेल खंय टाकू म्हणान शेठान माका इचारलेलान. तो टँकर भरून भायर धाडूचो होतो. मीच म्हटलंय, कित्याक खर्च करतंस? मागच्या खाणीत सोड. चिरो सगळां पिऊन टाकता."

चिरा सगळं पिऊन टाकतो. हे इथे सगळेच म्हणतात. भांड्यांचं पाणी, गोठ्याचं पाणी, काय वाटेल ते खाणीत ओता, दुसऱ्या दिवशी खाण कोरडी. कुठे जातं, हे कधी कुणी विचारलंच नाही. मीही नाही.

कोणीही "व्हय म्हाराजा" म्हटलं नाही.

शेवंतीकाकी खांबाला धरून उठली. "अप्पा, माजी बाव खाणीच्या खाली आसा," एवढंच म्हणाली. बाव, म्हणजे तिची विहीर. ओरडली नाही, रडली नाही. पदर हातांवर ओढून घेतला आणि पायऱ्या उतरून गेली. आम्ही सगळे तिच्या पाठीकडे बघत राहिलो.

वळून बघितलं तर एक कळी खाली पडलेली. उजवी की डावी, कुणी पाहिलंच नव्हतं. गंगाराम म्हणतो उजवी, अप्पा म्हणतात डावी. मला त्या कळीचं काही पडलेलं नाही. मला काकीचे हात दिसताहेत. त्या हातांना मी साबण बदलायला सांगितला होता.

९ डिसेंबर

भाजी आली नाही. खानावळीत वरण-भात आणि लोणचं. कोणी विचारलं तर काय सांगू? आजवर किती जणांना ती भाजी वाढली, याचा विचार दिवसभर डोक्यातून जात नाही.

अप्पांशी बोलले नाही. ताट ठेवलं, ताट उचललं. मला त्यांचा भयंकर राग आलाय. त्यातही चीड याची, की ते खोटं बोलले असते तर माझं काम झालं असतं, आणि असं मला खरंच वाटतं आहे.

११ डिसेंबर

मितेश वकिलाचा फोन. बातमी कुडाळला पोचली. "देवळात जाऊन सगळं सांगून टाकलंत? मॅडम, कमाल करता!" मग एकदम गोड झाला. "काळजी नको, होऊन जाईल. सासऱ्यांचं वय झालंय ना? त्यांना भ्रम होतो, काहीबाही बोलतात, असा डॉक्टरचा दाखला घेऊ. मग देवळातल्या बोलण्याला काही अर्थ उरत नाही."

फोनचा आवाज मोठा होता. अप्पा पडवीत बसून सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला.

माझ्या मनात काय आलं ते लिहिते. एक क्षण मी "हो" म्हणणार होते. खानावळ दिसत होती मला, समोर फरशी, वर पत्रा, बाजूला पार्किंग. मग अप्पांकडे बघितलं. तळहातावर सुपारीचे तुकडे घेऊन ते मी काय बोलते त्याची वाट बघत होते. वेडं ठरायलाही तयार होते ते, माझ्यासाठी. अडवलं तरी नसतं.

मी म्हटलं, "आमच्या घरात कोणालाही भ्रम झालेला नाही," आणि फोन ठेवला. मग अप्पांना म्हणाले, "जेवणार काय?" दोन दिवसांनी बोलले त्यांच्याशी. ते पाटावर येऊन बसले.

१६ डिसेंबर

ओरोस. जिना चढताना ठरवून गेले होते, सगळं सांगायचं. विहीर कोणाची, खाण कोणाची, अप्पा काय म्हणाले, सगळं. वकील करायचा तर हीच बाई.

दारातच तन्वीबाईंनी हात वर केला. "थांबा. एक शब्दही बोलू नका."

"अहो, पण मी ठरवलंय..."

"शेवंतीबाई माझ्या अशील आहेत. गेल्या आठवड्यात आल्या. कारखाना तुमचा, हे त्यांच्याकडून कळलं." मग म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मला काहीच सांगितलं नाहीत, नावसुद्धा नाही. म्हणून मी त्यांचं काम घेऊ शकले. अजून थोडं बोलला असतात तर नाही म्हणावं लागलं असतं."

मी जिन्यावरच बसले. पत्ता मीच दिला होता. जिना कोणत्या बाजूने तेही. नक्कल करून!

रडू आलं आणि हसूही आलं. बाईंनी पाणी आणून दिलं. मी विचारलं, मग मी कोणाला वकील करू? म्हणाल्या, "ते मी सांगणं बरोबर नाही. पण कोणालातरी करा. रविवारी शेवंतीबाईंच्या अंगणात, खळ्यात बसू, कोर्टाच्या आधी बोलून बघू."

२२ डिसेंबर

वकील न घेताच गेले. अप्पांना घेऊन. काकीचं खळं नेहमीसारखं सारवलेलं, कडेला रोवलेली झेंडूची रोपं मात्र करपलेली. विहिरीवर पत्रा टाकलेला. प्यायचं पाणी ती स्वतः बाजारातून कॅनमध्ये आणते. गेला आठवडाभर रोज दोन कॅन मी तिच्या पायरीवर ठेवत होते. ते तसेच ओळीत उभे होते, झाकणं न उघडलेले.

तन्वीबाई कागद घेऊन ओट्यावर बसल्या. काकी आमच्यासमोर. हात फडक्यात गुंडाळलेले.

अप्पा वाकले, तिच्या पायाशी हात नेऊ लागले. वयाने मोठे असून. ती चटकन मागे सरली. "असां करू नको, अप्पा. माका तां बघवणा नाय."

मी माफी मागायला पुढे झाले. काकीच बोलली. "माका तुजी जागा नको गो. माका माजी बाव व्हयी. आणि तुज्या गिऱ्हायकांक मी ती भाजी दिलंय, त्याचां काय करू? पंधरा दिवस ह्याच घोळता डोक्यात." तिला वाटतंय पाप तिच्याकडून झालं! मी तिथेच रडले, सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखी.

तन्वीबाईंनी वाचून दाखवलं. खाण उपसायची, काळी माती नियमाने हलवायची, दोन्ही विहिरी साफ होऊन तपासणी होईपर्यंत काकीला पाणी आणि औषधपाणी आम्ही द्यायचं. शेठला शोधून त्याचा वाटा त्याच्याकडून घ्यायचा. तोवर तिथे वीटही लावायची नाही. म्हणजे मार्च गेला. खानावळ कधी, देव जाणे.

मी म्हटलं, द्या, सही करते. बाईंनी कागद मागे घेतला. "तुमचा वकील हे वाचल्याशिवाय नाही. उद्या कोणी म्हणायला नको, मी फसवलं."

"आता कोणाला आणू?" मी म्हटलं. "एक कुडाळचा, तो नको. दुसरी तुम्ही, त्या काकीच्या झालात."

शेवंतीकाकी म्हणाली, "त्या सावंतवाडीच्या भावजीक आण."

"भावोजींना? काकी, त्यांना प्रदूषणातलं ओ की ठो कळत नाही!"

"शिकात," ती म्हणाली. "पण खोटां बोलूक गेलो की तेका खोकलो येता. तुज्या लग्नात बघलंय मी. तसो वकील तुमच्या बाजून बसलो तर माका रात्री झोप लागात."

अप्पा पहिल्यांदा वर बघून म्हणाले, "कळी डावीच पडलेली."

निघताना मागे वळून बघितलं. काकी एका कॅनचं झाकण उघडत होती. फडक्यातल्या बोटांनी जमत नव्हतं, म्हणून तन्वीबाईंनी उघडून दिलं.

घरी येऊन भावोजींना फोन लावला. म्हटलं, भावोजी, आमचं वकीलपत्र घ्याल का? बाजू आमची चुकीची आहे, ती चुकीची आहे असंच सांगायचंय, आणि तुमचं नाव समोरच्या पार्टीने सुचवलंय.

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "घेतो, वहिनी. झेपेल मला."

मी कान देऊन ऐकत राहिले. खोकला आला नाही.